मोठ्या मोटारीचा दोष कशात?

कशेडीच्या डोंगरातून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे जोडबोगदे निघाले आणि २०२३च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर त्यांपैकी एक हलक्या वाहनांना खुला झाला, तेव्हापासून पोलादपूर-खेड वाटेविषयीची चर्चा वाचलेल्या मिनिटांपाशीच येऊन थांबते. पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांत उरकतो हे सुख खरेच आहे. पावसाळ्यात दरडींच्या धास्तीने ज्यांनी तो चढ काढला आहे त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. परंतु दोघातिघांना गावी पोचवण्यासाठी दोन टन लोखंड डोंगरापार न्यावे काय, हा प्रश्न कोणी काढलाच, तर "एका गाडीने असा काय फरक पडतो?" या एका वाक्याने त्याची बोळवण होते. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून अधिक एसयूव्ही जातीच्या झालेल्या असताना या वाक्याच्या पोटातील तर्क तपासल्यावाचून राहणे मला बौद्धिक आळसाचे वाटते.

इतर समर्थनांसाठी फार वेळ दवडण्याचे कारण नाही. खड्ड्यांमुळे उंच गाडी हवी, हा युक्तिवाद रस्त्याच्या ठेकेदाराला माफी देण्यापलीकडे काही साधत नाही. विजेवर चालणारी अवाढव्य मोटार निर्दोष असते ही समजूत, महाराष्ट्राची बहुतांश वीज कोळशावर निघते तोवर, अपुरी आहे. आणि ज्याचा पैसा त्याची हौस असे म्हणणाऱ्याने पैसे मोजून मोटार घेतलेली असते, आकाश नव्हे.

"फरक पडत नाही" हा पक्ष मात्र दुर्लक्षणीय नाही. अमेरिकन तत्त्वचिंतक वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी २००५ साली तो अत्यंत प्रामाणिकपणे मांडला. सरकारांनी कायदे करावेत हे त्यांना मान्य आहे. पण रविवारी केवळ मौजेखातर इंधनखाऊ मोटार फिरवणाऱ्याच्या त्या एका फेरीने हवामानबदलाची कोणतीही हानी घडत नाही आणि ती फेरी रद्द केल्याने टळतही नाही, तेव्हा तिच्यात नैतिक दोष नेमका कोठे दाखवायचा, असा त्यांचा सवाल आहे. तो आपल्या मुलुखाला लावून पाहू. जुलै २०२१मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले आणि तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. एक लिटर डिझेल जळले की सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, ही दोन्ही विधाने सत्य असली, तरी अमक्याच्या मोटारीमुळे तळियेची दरड सुटली असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. तरीही ब्रिटिश तत्त्वचिंतक डेरेक पारफिट यांनी १९८४मध्येच दाखवले होते की स्वतंत्रपणे निरुपद्रवी वाटणारे कृत्यही, एकत्रितपणे हानी करणाऱ्या कृत्यसमूहाचा भाग म्हणून, अनुचित ठरू शकते. यावर प्रतिपक्षी म्हणेल की माझ्यावाचूनही तो समूह तेवढाच राहिला असता. आणि हानीच्या हिशेबात त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही, हे मी मान्य करतो.

म्हणूनच हा हिशेबच चुकीच्या खात्यात मांडला जात आहे, असे माझे म्हणणे आहे. हानी आणि अतिक्रमण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याचा बांध दरसाल बोटभर कोरणाऱ्या शेतकऱ्यामुळे शेजाऱ्याच्या खंडीभर भातात पसाभराचाही फरक पडत नसेल. तरी हद्दकायम मोजणी झाली म्हणजे भूमापक भाताचे नुकसान तोलत बसत नाही, तो हद्द पाहतो. परक्याचे बोटभर घेतले, एवढ्यानेच अपराध सिद्ध होतो. हवेच्या सहनशक्तीला सातबारा नाही, परंतु ती सर्वांची सामाईक आहे आणि तिला मर्यादा आहे. तेव्हा गरज नसताना तिचा दुप्पट वाटा उचलणारा, कोणाचे काही बिघडो वा न बिघडो, दुसऱ्याच्या हिश्शात शिरलेला असतो. याच महाडात १९२७ साली चवदार तळ्यावर जो लढा झाला, तो ओंजळभर पाण्याने तळे किती उणे होते यासाठी नव्हता. सार्वजनिक वस्तूवर सर्वांचा समान अधिकार आहे की नाही, हा तेथील प्रश्न होता. त्या लढ्याचे नाव अभिमानाने घेणाऱ्या प्रदेशाला हा भेद परका वाटू नये.

हद्द माणशी मोजावी लागते, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. आठ-दहा टनांची एसटी चाळीस उतारू घेऊन कशेडी चढते तेव्हा ती कोणाचाही बांध कोरत नाही. सात-आठ माणसांचे कुटुंब अथवा आंब्याच्या पेट्या वाहणारी मोठी गाडी, किंवा कच्च्या वाटेने वाडीवर रुग्णासाठी जाणारी जीप, यांनाही मी दोष देणार नाही. चढावर इंजिनाला करावे लागणारे काम वजनाच्या प्रमाणात वाढते. दोन टनांच्या मोटारीत एकटाच माणूस बसला असेल, तर ते बहुतेक सारे काम लोखंड चढवण्यातच खर्ची पडते. या रिकाम्या वजनाला सरकारचे नियमही अभय देतात: २०१७ पासून मोटार कंपन्यांवर इंधनवापराची जी सरासरी मर्यादा घातली गेली, ती वजनाशी बांधलेली असल्याने कंपनीच्या मोटारी जितक्या जड, तितकी मर्यादा सैल होते. हा नियम बदललाच पाहिजे. पण तो बदलेपर्यंत आपला विवेक तहकूब ठेवण्याची मुभा कोणालाही मिळत नाही.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांना म्हणून माझी विनंती आहे. गौरीगणपतीच्या चार दिवसांचे सामान डोळ्यांपुढे ठेवून वर्षभराची मोटार निवडू नका. रोज तिच्यात किती माणसे बसणार आहेत ते मोजा आणि तेवढीच घ्या. सणाला गावी जाण्यासाठी एसटी आहे, वीर, करंजाडी, विन्हेरे ही कोकण रेल्वेची स्थानके आहेत, आणि भावकीतील दोन घरांनी मिळून एक गाडी भरून न्यावी, याला तर कोणत्याही सरकारी हुकमाची गरज नाही.