लाल फुली

नववीच्या वर्गाला मी सतरा वर्षं इंग्रजी शिकवलं. फ्रेझल व्हर्ब्जचा तास आला की फळ्यावर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ अशा वीस-पंचवीस जोड्या लिहायच्या आणि उद्या पाठ करून या म्हणायचं, एवढीच माझी पद्धत. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. टेक आफ्टर म्हणजे एखाद्यावर जाणे, गुणांनी वा रूपाने.

एकदा एका मुलीने बाकाखाली पडलेलं पेन दाखवत विचारलं, ‘‘बाई, पिक इट अप म्हणायचं की पिक अप इट?’’ मला माहीत नव्हतं. ‘‘दोन्ही चालतं,’’ म्हणाले आणि पुढच्या शब्दाकडे वळले. रात्री कोश काढून बसले. ‘द पेन’ म्हणायचं असेल तर ते मध्ये घाला नाहीतर शेवटी, दोन्ही बरोबर. पण ‘इट’, ‘देम’ अशी सर्वनामं मध्येच येतात. पिक इट अप. लुक आफ्टरची मात्र अशी फोड होत नाही, तिथे सर्वनामही शेवटीच: लुक आफ्टर हर. दुसऱ्या दिवशी हे सांगायला पाच मिनिटंही लागली नसती. मी सांगितलं नाही. चाळीस पोरांसमोर ‘काल माझं चुकलं’ हे शब्द तोंडातून फुटले नाहीत. ती मुलगी ‘पिक अप इट’ लिहीतच वरच्या वर्गात गेली.

पुढे कधीतरी वाचलं, की डॉ. जॉन्सननी १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत असल्याच क्रियापदांबद्दल लिहून ठेवलं आहे: परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जातात ती हीच. वाचून मला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची आज लाज वाटते. भाषा अवघड असते, म्हणून मी गप्प बसले हे खरं नाही.

आणि वर्गाला ती इतकी परकी वाटायचीही गरज नव्हती. ‘धडा वाचून काढ’, ‘वाचून दाखव’, ‘वाचून टाक’, ‘वाचून घे’. यातल्या ‘काढ’चा किंवा ‘टाक’चा अर्थ आमच्या पोरांना कोणी यादी करून शिकवला नव्हता, तरी एकाचंही चुकत नव्हतं. ‘अंगावर जाणे’ आणि ‘बापावर जाणे’ यांत ‘वर’ तोच, अर्थ कुठल्या कुठे. हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं. तिथून सुरुवात करून मी त्यांना पलीकडे नेऊ शकले असते. मला ते सुचलं नाही असंही नाही. यादी तपासायला सोपी पडायची.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती वेगळी आहे. सहामाहीच्या पेपरात मी गाळलेल्या जागा दिल्या होत्या. एक वाक्य होतं, ‘ही — हिज फादर’, आणि कंसात टेक्स आफ्टर, लुक्स आफ्टर. माझ्या उत्तरसूचीत पहिलं होतं. एका मुलाने दुसरं लिहिलं. मी फुली मारली. पेपर हातात पडल्यावर तो टेबलापाशी आला. खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘बाई, हेही बरोबर आहे ना? मी सांभाळतो वडिलांना.’’ त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते, शाळेत येण्याआधी त्यांचं सगळं तोच करायचा. आम्हा शिक्षकांना हे ठाऊक होतं.

वाक्य व्याकरणाने बिनचूक होतं. अर्थही पुरा होता. मला ते त्याच क्षणी कळलं, हे मी आज स्वतःपाशी कबूल करते. तरी म्हणाले, ‘‘प्रश्न तुझ्याबद्दल नाहीये. जागेवर जा.’’ मागे आणखी चौघे पेपर घेऊन उभे होते. त्याला एक गुण दिला असता तर त्यांनाही द्यावा लागला असता, आणि प्रश्नच चुकीचा काढला होता हे मान्य करावं लागलं असतं. तो जागेवर गेला. पेपराची घडी घालून त्याने दप्तरात ठेवली.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा घातला, तेव्हा उत्तरसूचीत मी दोन्ही उत्तरं लिहिली. तो तेव्हा दहावीत होता, वरच्याच मजल्यावर. जिना चढून मी गेले नाही.