चांगला हेतू पुरेसा आहे का?



टीव्हीचे कव्हर, कॉम्प्युटर, सोफ्याचा फोम लवकर पेटू नये म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त रसायने घालतात. हेतू चांगलाच. पण यांतील कित्येक रसायने हळूहळू सुटून घरातल्या धुळीत मिसळतात, शरीरातील चरबीत साठतात, आईच्या दुधातही उतरतात. थायरॉईडचे कार्य आणि बाळाच्या मेंदूची वाढ यांना त्यांपासून धोका संभवतो.

१९७३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात असे एक रसायन चुकून जनावरांच्या खाद्यात मिसळले गेले. सुमारे ३० हजार गुरे आणि १५ लाख कोंबड्या माराव्या लागल्या. तोवर दूध, मांस, अंडी लोकांच्या पोटात गेली होती. भारताने २०१८च्या नियमांनी अशा काही रसायनांवर बंदी घातली. पण जुन्या वस्तू घरोघरी आहेतच.

संत थॉमस अक्विनास सांगतात, एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात : एक हेतूतला, एक हेतूबाहेरचा. मात्र दुसरा परिणाम एकदा कळला, की केवळ हेतूकडे बोट दाखवून आपण सुटत नाही.

आपला जुना टीव्ही भंगारात जातो. पुढे कोठेतरी तांब्यासाठी वायरी व प्लॅस्टिक जाळले जाते. तो विषारी धूर आधी जाळणाऱ्या गरिबाच्या आणि त्याच्या लेकरांच्या छातीत जातो. सोय आपली, धूर त्याचा, हा न्याय नव्हे.

म्हणून अंजनगावात आपण एवढे तरी करू या : वायरी, फोम जाळू नयेत, जुनी उपकरणे अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावीत, घरातली धूळ ओल्या फडक्याने पुसावी. आपला शेजारी कोण, याचे उत्तर कधी कधी आपल्या भंगाराच्या पोत्यातही सापडते.