चार वह्या आणि एक घर

वाचकहो, एक घर डोळ्यांसमोर आणा. ते कोणा एका विशिष्ट कुटुंबाचे नाही. परंतु मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या यंत्रमाग वस्तीत ज्यांचा वावर आहे, त्यांना ते अनोळखी वाटणार नाही. घरातील कर्ता पुरुष क्षयरोगाने खंगला आहे. आई पहाटेच कांड्या भरण्याच्या कामाला निघून जाते. बारा वर्षांची थोरली मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी असते. त्या भावाचे वजन तीन महिन्यांपासून घटते आहे.

या घराची नोंद चार वह्यांत आहे. अंगणवाडीच्या वहीत बालकाच्या नावापुढे ‘तीव्र कमी वजन’ असे लिहिले आहे. शाळेच्या हजेरीपटावर मुलीच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी खूण आहे. आरोग्य केंद्राच्या वहीत पित्याची नोंद ‘उपचार अर्धवट सोडलेला रुग्ण’ अशी आहे. आणि मशिदीच्या जकातीच्या यादीत ‘गरजू, रमजानमध्ये धान्य दिले’ एवढी एक ओळ आहे. चारही नोंदी खऱ्या आहेत. लिहिणाऱ्यांपैकी कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. तरीही ही चार माणसे एकाच छपराखाली राहतात, हे मात्र कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

अंगणवाडी सेविका आईला सांगते की, बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे भरती करावे लागेल आणि तुम्हाला सोबत राहावे लागेल. आई नाही म्हणते. ती राहिली तर मजुरी बुडेल, आजारी पतीला आणि मुलीला कोण पाहील? वहीत नोंद होते, ‘पालकांचा नकार’. नोंद झाली आणि प्रकरण मिटले. बाळ मात्र तसेच आहे.

आता प्रश्न असा की, या बाळाविषयी कियामतच्या दिवशी कोणाला विचारणा होईल?

आपल्यापैकी अनेकांना प्रेषित (स.) यांची ती प्रसिद्ध शिकवण आठवेल, जिच्यात प्रत्येक माणसाला राखणदार म्हटले आहे आणि ज्याच्या त्याच्या ताब्यातील लोकांविषयी ज्याला त्याला जाब विचारला जाईल, असे बजावले आहे. ही शिकवण आपण बहुधा कुंपणासारखी वापरतो. माझा कळप एवढाच, त्यापलीकडचे मला विचारू नका. शिक्षक म्हणतो, माझ्याकडे हजेरी. सेविका म्हणते, माझ्याकडे वजन. विश्वस्त म्हणतात, आमच्याकडे जकात. परंतु राखणदार मेंढरे मोजतो ती घरी सुखरूप आणण्यासाठी. दोन कळपांच्या मधल्या रानात एखादे कोकरू हरवले, तर दोन्ही राखणदारांनी आपापली मोजणी बरोबर असल्याचे सांगून काय साधणार?

इस्लामी धर्मशास्त्राने कर्तव्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. नमाज-रोजासारखी जी कर्तव्ये प्रत्येकाने स्वतःच पार पाडायची, ती फर्जे ऐन. जनाजाच्या नमाजसारखी जी संपूर्ण समाजावर मिळून लागू होतात, ती फर्जे किफाया. काहींनी दुसऱ्या प्रकारचे कर्तव्य पार पाडले, तर इतरांच्या माथ्यावरचा भार उतरतो. कोणीच पार पाडले नाही, तर सारा समाज गुन्हेगार ठरतो. हा नियम आपण मदरशात शिकतो आणि नकळत त्यातून एक सोयीचा अर्थ काढतो: कोणीतरी करत असेलच, मग आपण मोकळे.

येथे ‘किफाया’ या शब्दापाशी थोडे थांबावे. त्याच्या मुळाशी पुरेसे होण्याचा अर्थ आहे. म्हणजे हे कर्तव्य काहींनी काहीतरी केल्याने फिटत नाही. गरज पुरी झाल्याने फिटते. बुडणाऱ्या माणसाकडे चौघांनी चार हात लांबीचे चार दोर फेकले आणि तो दहा हातांवर असेल, तर चौघांपैकी एकाचाही दोर त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. ते चार दोर एकमेकांना बांधणे, हेच त्या घटकेचे कर्तव्य होते. आपल्या यंत्रमाग वस्तीतल्या घराबाबत चार संस्थांनी आपापला दोर फेकला आहे. गाठ कोणी मारली नाही. आणि गाठ मारणे हे कोणाच्याही कामाच्या यादीत नसते; म्हणूनच ते सर्वांवर येते.

इमाम शातिबी यांनी ‘अल-मुवाफकात’ या ग्रंथात सामूहिक कर्तव्याची मांडणी करताना एक मर्म उलगडले आहे. ज्याच्या अंगी ते काम करण्याची क्षमता आहे, त्याने ते करावे. ज्याच्या अंगी नाही, त्याने सक्षम माणसाला त्या कामासाठी पुढे आणावे. या विचारानुसार समाजात पूर्णपणे मोकळा असा कोणीच उरत नाही. मला बाळावर उपचार करता येत नसतील. परंतु ज्याला येतात त्याच्यापर्यंत त्या आईला पोहोचवणे मला येते.

पवित्र कुरआननेही हीच गोष्ट अत्यंत सूक्ष्मपणे सांगितली आहे. सूरह अल-फज्रमध्ये लोकांवर दोन आरोप लागोपाठ ठेवले आहेत: ते अनाथाचा सन्मान करत नाहीत आणि गरिबाला अन्न देण्यासाठी एकमेकांना प्रवृत्त करत नाहीत. दुसऱ्या आरोपातील अरबी क्रियापद परस्परतेचे आहे. मी तुम्हाला उद्युक्त करावे, तुम्ही मला करावे. म्हणजे अन्न न देणे हा दोष आहेच. पण त्याविषयी एकमेकांशी न बोलणे हाही स्वतंत्र दोष मानला गेला आहे. ज्या गावात मुख्याध्यापक, आरोग्यसेविका आणि मशिदीचे इमाम एकाच रस्त्याने रोज जातात आणि एकाच घराविषयी कधीच बोलत नाहीत, त्या गावाने या आरोपाचे उत्तर शोधून ठेवावे.

हे केवळ तत्त्व नाही. त्यानुसार व्यवहार झाल्याचा दाखला आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये एक प्रसंग येतो. बनू सुलैम कबिल्यातील अबू जमीला यांना एक टाकून दिलेले अर्भक सापडले. ते त्याला घेऊन हजरत उमर (रजि.) यांच्याकडे गेले. खलिफांनी आधी विचारले की, हे मूल तुम्ही का उचलले? वाऱ्यावर पडलेले दिसले म्हणून उचलले, असे उत्तर आले. मग त्या वस्तीचा जो ‘अरीफ’, म्हणजे तेथील लोकांची माहिती ठेवणारा नेमलेला माणूस होता, त्याने हा गृहस्थ सज्जन असल्याची ग्वाही दिली. ती ऐकल्यावर खलिफांनी निर्णय दिला: मूल स्वतंत्र आहे, त्याला सांभाळण्याची जबाबदारी तुमची आणि खर्च आमचा.

या छोट्या प्रसंगात किती हात एकत्र आले आहेत, ते पाहा. एका सामान्य माणसाची करुणा, वस्तीतील जबाबदार माणसाची पडताळणी, शासनाचा निर्णय आणि सार्वजनिक कोषाचा पैसा. करुणा आहे म्हणून चौकशी टाळली नाही. पैसा सरकारचा आहे म्हणून मूल सरकारी दारात टाकून दिले नाही. यांतील एक जरी दुवा निसटला असता, तरी त्या अर्भकाचे काय झाले असते, याची कल्पना करावी.

दुसरा प्रसंग इतिहासग्रंथांत येतो. मदीनेबाहेर उतरलेल्या काफिल्यावर रात्री पहारा देताना हजरत उमर (रजि.) यांना एका बाळाचे रडणे ऐकू आले. पुन्हा पुन्हा ऐकू आले, तेव्हा त्यांनी आईला कारण विचारले. समोर कोण आहे हे न ओळखता ती म्हणाली की, उमर दूध तुटलेल्या मुलांनाच भत्ता देतात, म्हणून मी याचे दूध लवकर तोडत आहे. नियम चांगल्या हेतूने केलेला होता. भत्ता देणाऱ्या कचेरीत बसून त्यात काही वावगे दिसले नसते. त्याचा परिणाम दिसला तो अंधारात, एका आईच्या मांडीवर. पहाटेच्या नमाजमध्ये खलिफा रडत होते, असे सांगतात. त्यानंतर जन्मापासूनच प्रत्येक मुलाला भत्ता देण्याची घोषणा झाली. ‘पालकांचा नकार’ असे लिहून वही मिटण्यापूर्वी नकाराचे कारण विचारावे आणि ते निवारू शकणाऱ्यापर्यंत न्यावे, हा या प्रसंगाचा धडा आहे.

आपल्या राज्याचा अनुभवही याच दिशेला बोट दाखवतो. मुलाची वाढ खुंटते ती केवळ अन्नाअभावी नव्हे. अशुद्ध पाणी, वारंवार होणारे आजार, कोवळ्या वयातले मातृत्व, घरातील आजारपण ही सारी कारणे त्यात मिसळलेली असतात आणि ती वेगवेगळ्या खात्यांच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्रात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले आणि आरोग्य व महिला-बालविकास या खात्यांचे काम जोडण्याचा प्रयत्न झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. या सुधारणेचे श्रेय एकाच कारणाला देता येणार नाही. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ३५.२ टक्के होता. म्हणजे उतार थांबला. त्या पाहणीनुसार राज्यातील साधारण तीन मुलांपैकी एकाची वाढ खुंटलेली होती. एकदा मारलेली गाठ कायम राहत नाही, ती पुन्हा पुन्हा आवळावी लागते.

येथे काही बांधवांच्या मनात दोन शंका येतील. पहिली अशी की, सरकारी यंत्रणेबरोबर, किंवा वेगळ्या श्रद्धेच्या लोकांबरोबर बसून धर्मकार्य कसे करावे? या शंकेचे उत्तर ‘हिल्फुल फुजूल’मध्ये आहे. पैगंबरीच्या पूर्वी मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचे पैसे बुडवले गेले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही मंडळी जमली आणि पीडित कोणीही असो, त्याला हक्क मिळवून देण्याचा करार त्यांनी केला. प्रेषित (स.) त्या करारात सामील होते. पैगंबरी मिळाल्यानंतरही, आज अशा करारासाठी बोलावणे आले तरी आपण जाऊ, असा अभिप्राय त्यांनी दिला. करार करणारे मुस्लिम नव्हते. काम न्यायाचे होते. अलीकडचे उदाहरण घ्यायचे, तर २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ पसरली आणि बालके दगावली, तेव्हा लसीकरणाबद्दलचे गैरसमज दूर करण्यासाठी आरोग्य यंत्रणेने उलेमांची मदत मागितली. लस यंत्रणेकडे होती, विश्वास मशिदीकडे होता. दोघांनाही एकमेकांवाचून ते दार उघडता आले नसते. खंत एवढीच की, ही भेट साथीच्या आधी व्हायला हवी होती.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. चार संस्था एका घराविषयी बोलू लागल्या, तर त्या घराची अब्रू राहील काय? सूरह अल-हुजुरातमध्ये पाळत ठेवणे आणि पाठीमागे निंदा करणे या दोन्हींची कठोर मनाई आहे. ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. मदतीच्या नावाखाली कुटुंबाची दैना चव्हाट्यावर मांडणे, धान्य देताना छायाचित्र काढणे, हे पाप आहेच. परंतु इमाम नववी यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये ज्या सहा प्रसंगी पाठीमागे बोलण्यास मुभा असल्याचे सांगितले आहे, त्यांत अन्याय दूर करू शकणाऱ्याकडे दाद मागणे आणि वाईट गोष्ट थांबवण्यासाठी मदत घेणे यांचा समावेश आहे. त्यावरून एक मर्यादा आखता येते: जेवढे आवश्यक तेवढेच सांगावे, जो उपाय करू शकतो त्यालाच सांगावे आणि शक्यतो त्या आईला विचारून सांगावे. तिच्याविषयी बोलण्याआधी तिच्याशी बोलावे. मुलाच्या जिवाला किंवा देहाला धोका असेल, तेव्हा मात्र अब्रूच्या नावाने मौन बाळगणे हा गुन्ह्यातला वाटा ठरतो. १०९८ हा बालमदत क्रमांक अशाच वेळेसाठी आहे.

तर मग करावे काय? फार मोठी संस्था उभारण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा, तासभर, शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, नगरसेवक किंवा सरपंच आणि मशिदीचा एक विश्वस्त यांनी एका ठिकाणी बसावे. आपापल्या वह्या मिटून ठेवाव्यात आणि घरांविषयी बोलावे. प्रत्येक अडचणीतल्या घरासाठी एकच माणूस जबाबदार नेमावा, म्हणजे त्या आईला चार दारे ठोठावावी लागणार नाहीत. आणि पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘काय दिले?’ असा नसावा. ‘बाळ कसे आहे?’ असा असावा.

आपल्या त्या घराकडे परत जाऊ. बाळाला केंद्रात दोन आठवडे राहायचे आहे. बैतुलमालमधून आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई होऊ शकते. शेजारची एखादी स्त्री तेवढे दिवस पतीला जेवू घालू शकते. आशा स्वयंसेविका त्याचे औषध पुन्हा सुरू करून देऊ शकते. आणि बाळ आईजवळ असल्याने थोरलीची कडेवरची जबाबदारी उतरते. मुख्याध्यापकांनी निरोप धाडला, तर ती शाळेत जाऊ शकते. यात नवी योजना एकही नाही, नवा पैसाही फारसा नाही. फक्त चार वह्या एकाच घराभोवती उघडल्या आहेत.

वाचकहो, आपल्या वस्तीतील ते घर कोणते, हे आपल्याला बहुधा ठाऊक आहे. आपला दोर किती हातांचा आहे, हेही ठाऊक आहे. शेजारचा दोर कोणाकडे आहे, एवढे विचारणे बाकी आहे. अल्लाह आपणा सर्वांना सत्कार्यात एकमेकांचे साहाय्यक होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.