रंग खोटा कधी ठरतो?

जुनी वस्तू रंगवून नव्यासारखी दिसायला लावली, तर ते खोटं बोलणं होतं का?

प्रश्न ऐकून हसू येईल. आपण भिंतीला रंग देतो, दिवाळीच्या आधी गेटला देतो, त्यात खऱ्याखोट्याचा काय संबंध? पण तुम्ही कधी ‘रिफर्बिश्ड’ फोन घेतला असेल तर हा प्रश्न तुम्हाला पडून गेलेला आहे. मागची काच कोरी करकरीत, बॉक्स नवा, चार्जर नवा. फोन हातात घेतल्यावर मात्र मनात एकच शंका येते, आतली बॅटरी किती वापरलेली असेल? तिथे वरच्या चकचकीतपणाने विश्वास वाढत नाही, उलट संशय वाढतो.

मला हा प्रश्न फोनमुळे नाही, एका गिअरबॉक्समुळे पडला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो. गेला हिवाळाभर शनिवार-रविवार मी भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये एका जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं ट्रान्समिशन खोलून बसलो होतो.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे आपल्याकडे उसाची ट्रॉली ओढतो तो ट्रॅक्टर नव्हे. साधारण ऑफिसच्या टेबलाएवढं, आठ-दहा हॉर्सपॉवरचं हे यंत्र. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा, जमलं तर परसातली जमीन नांगरायची. माझा ‘व्हील हॉर्स’चा, १९६०च्या दशकातला. ही कंपनी पाँड कुटुंबाने १९४६ मध्ये याच राज्यातल्या साउथ बेंड शहरात सुरू केली. १९७४ मध्ये ती अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९८६ मध्ये टोरोकडे. साउथ बेंडमध्ये स्टुडबेकर मोटारींचा भलामोठा कारखाना होता, तो १९६३च्या डिसेंबरात बंद पडला. एकीकडे शहरातल्या मोठ्या गाड्या संपत होत्या आणि दुसरीकडे हे छोटे लाल ट्रॅक्टर बाहेर पडत होते. त्यातले कित्येक अजून कुणाकुणाच्या शेडमध्ये उभे आहेत.

या ट्रॅक्टरचं ट्रान्समिशन म्हणजे बिडाची एक जड पेटी. दोन अर्धे भाग, मध्ये गॅस्केट, भोवती बोल्ट. इंजिनाचा पट्टा एका पुलीवर येतो, पेटीतले गिअर ती गती कमी करतात, डिफरन्शियल ती दोन्ही चाकांना वाटून देतं. साठ वर्षांत गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं होतं, त्यातून पाणी उतरलेलं. प्लग काढला तेव्हा गिअर ऑइलच्या जागी दुधाळ चहासारखी मळी बाहेर आली.

मग नेहमीचा क्रम. एक्सलला गंजून चिकटलेले हब काढणं, यात माझे दोन शनिवार गेले. पेटी उघडणं. शिफ्ट फोर्कचा रॉड ओढताना वर हात धरणं, नाहीतर स्प्रिंगवर बसलेला छोटा छर्रा उडून गॅरेजच्या कोपऱ्यात जातो आणि परत सापडत नाही. बेअरिंग धुऊन कानाशी फिरवून बघणं. सगळे ऑइल सील नवे, गॅस्केट नवं, दोन बेअरिंग नवी.

आणि मग सापडलं ते एक चाक. दुसऱ्या गिअरच्या चाकाच्या दात्यांच्या कडा एका बाजूने गोल झालेल्या. या पेटीत सिंक्रोनायझर नसतो, ट्रॅक्टर थांबवूनच गिअर बदलायचा असतो. आधीच्या कुठल्यातरी मालकाने घाईत, चालता चालता कित्येक वर्षं गिअर टाकले असणार. अशा दात्यांचा धोका असा की भार आला की गिअर सुटू शकतो. सपाट अंगणात सुटला तर फक्त चिडचिड होते. पण उतारावर सुटला तर इंजिनाचा अडसर जातो आणि यंत्र मोकळं धावतं. हा भाग आता नवा बनत नाही. कुणीतरी दुसरा ट्रॅक्टर मोडीत काढला तरच त्यातून मिळतो. मी तीन महिने शोधला, मिळाला नाही. तेच चाक पुन्हा बसवून पेटी बंद करण्यावाचून पर्याय नव्हता.

पेटी बंद झाली आणि रंगाचं काम आलं. तेव्हाच नोकरीमुळे शहर बदलायचं ठरलं, म्हणजे ट्रॅक्टर विकावा लागणार. आता मघाचा प्रश्न गमतीचा राहिला नाही.

रंगाबद्दल सगळ्यात कडक मत जॉन रस्किनचं आहे. १८४९च्या आपल्या स्थापत्यावरच्या पुस्तकात त्याने जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराला सरळ खोटेपणा म्हटलं. त्याचा मुद्दा असा की जुन्या दगडावर ज्या हातांनी काम केलं ते हात गेले. तुम्ही तो दगड घासून, नवा बसवून पूर्वीचं रूप ‘परत आणता’ तेव्हा प्रत्यक्षात पूर्वीचं उरलेलं पुसता आणि त्याची नक्कल उभी करता. त्याच्याच विचारातून पुढे १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारती जपण्यासाठी संस्था काढली. या लोकांचं सांगणं होतं, रोजची डागडुजी करत राहा, पण वय लपवू नका.

जुनी यंत्रं जमवणाऱ्यांतही हा पक्ष आहे. उडालेला रंग, सीटवरची झीज, पायाने घासून उघडी पडलेली पायरी, त्यांना हे सगळं तसंच हवं असतं. त्यांच्या लेखी ती कुणाच्यातरी साठ वर्षांची सही आहे. मला हे पटतं, पण अर्धंच. कॅथेड्रलचा दगड उभं राहण्यापलीकडे काही करत नाही. ट्रॅक्टरला काम करायचं असतं, तेही पाण्यात, चिखलात आणि इथल्या रस्त्यांवर टाकतात त्या मिठात. बिडावरचा रंग हे त्याचं कातडं आहे. ते सोलवटलं की गंज आत जातो.

शिवाय जुना रंग म्हणजे नुसता भावनेचा विषय नाही. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. म्हणून मी आधी शिसं तपासायची किट आणली, कोरडं घासणं टाळलं, केमिकलने रंग सोडवला आणि निघालेला लगदा गोळा करून घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला. शेजारच्यांचा चार वर्षांचा मुलगा रोज गॅरेजसमोर सायकल फिरवतो. ज्याला आपण वारसा म्हणतो त्यात कधीकधी विषही असतं, आणि ते कौतुकाने जपायचं की नाही हा निर्णय आपल्या एकट्याचा नसतो.

तर मग रंग द्यावा. पण मग खोटेपणाचं काय?

इथे मला आठवते ती कल्हई. पूर्वी आपल्याकडे दारावर कल्हईवाला यायचा. भट्टी पेटवून पितळेचं पातेलं तापवायचा, नवसागर टाकून घासायचा आणि कथलाचा हात फिरवायचा, की आतली बाजू चांदीसारखी चमकायची. आता हा थर खोटा म्हणायचा का? पितळ तर झाकलं गेलंच. पण कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही. त्याचं कारण साधं आहे. कल्हई जे दाखवते ते करतेही. ती सांगते, ‘यात आंबट शिजवलं तरी कळकणार नाही’, आणि खरंच कळकत नाही. नीट न घासता, मळावरच कथील फिरवलं तर मात्र तेच काम लबाडी ठरतं, कारण दिसणं तेच राहिलं तरी त्यामागचं वचन रिकामं असतं.

म्हणजे खरं-खोटं रंगात नसतं. रंग बघून समोरचा जे समजतो आणि आत जे आहे, त्या दोन्हींतल्या अंतरात ते असतं. मळी न काढता, पेटी न उघडता वरून स्प्रेचा डबा फिरवून विकलेला लाल ट्रॅक्टर खोटा. खोललेला, धुतलेला, सील बदललेला लाल ट्रॅक्टर खरा. दोन्ही एकाच रंगाचे, फोटोत सारखेच.

माझी पंचाईत मात्र या दोन्हींच्या मधली होती. मी पेटी खोलली होती, जवळपास सगळं नीट केलं होतं, फक्त एक चाक सोडून.

रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. त्यांचं म्हणणं व्यवहारी होतं. “जुनं यंत्र आहे, घेणारा बघून घेईल. तू कशाला सांगत बसतोस? विकतोयस की त्याला घाबरवतोयस?”

बाबांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. जगातला निम्मा जुना बाजार याच नियमावर चालतो. मी तो ट्रॅक्टर गंजलेल्या अवस्थेतच घेतला होता. विकणाऱ्याने काही सांगितलं नाही, आणि मला त्याचा रागही नाही. कारण गंजलेलं यंत्र काही वचन देत नाही. ते स्वतःच सांगत असतं, ‘माझा भरवसा धरू नका, उघडून बघा’. तिथे विकणारा गप्प राहिला तरी यंत्र बोललेलं असतं.

मी मात्र त्या यंत्राचं बोलणं बंद केलं होतं. घासलं, प्रायमर मारला, लाल रंगाचे दोन हात दिले. आता ते म्हणत होतं, ‘कुणीतरी माझी सगळी काळजी घेतली आहे’. आणि हे तपासायचं तर घेणाऱ्याला दोन शनिवार आणि हब काढायचा पुलर लागणार. म्हणजे माझं गप्प राहणं आणि आधीच्या मालकाचं गप्प राहणं ही एकच गोष्ट नाही. मला वाटतं, एकदा रंग दिला की गप्प राहण्याचा हक्क जातो. आपण जेवढं झाकतो, तेवढं सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

जुन्या वास्तूंच्या जगात हे फार पूर्वी लिहून ठेवलं गेलं आहे. १९६४च्या व्हेनिस चार्टरमध्ये दोन गोष्टी आहेत. नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा पण ओळखता यावा, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. आमच्या धंद्यात याला कमिट मेसेज म्हणतात. काय बदललं, का बदललं आणि काय बदलता आलं नाही, हे पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायचं. मी एक पान लिहिलं. कोणती बेअरिंग नवी, कोणतं तेल, कोणत्या महिन्यात. शेवटची ओळ, दुसऱ्या गिअरचे दाते झिजलेले आहेत, भाग मिळाला नाही, उतारावर पहिल्या गिअरमध्ये चालवा. ते पान प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली चिकटवलं, आणि जाहिरातीतही तेच लिहिलं.

पहिला माणूस आला, वाचलं, आभार मानले आणि निघून गेला. जाता जाता म्हणाला, पुढच्या गावात असाच एक आहे, त्याला काही प्रॉब्लेम नाही म्हणे. त्या दुसऱ्याची पेटी कुणी उघडली होती का, हे त्याने विचारलं नसावं. दुसऱ्याने बराच भाव पाडून घेतला.

यावर अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध निबंध आहे. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफने जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल लिहिलं. विकणाऱ्याला आतलं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा सगळ्यांनाच थोडं संशयाने बघतो आणि कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि टाकाऊ उरतात. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणजे खरं सांगणाऱ्याचं नुकसान होतं हा काही माझ्या नशिबाचा भाग नव्हता. झाकलेल्या वस्तूंचा बाजार असाच चालतो.

मग सांगायचं कशासाठी? ‘शेवटी सत्याचा विजय होतो’ असं मी म्हणणार नाही, माझा तर तोटाच झाला. माझं उत्तर लहान आहे. तो तोटा त्या झिजलेल्या दात्यांची खरी किंमत होती. मी गप्प राहिलो असतो तर ती किंमत नाहीशी झाली नसती, फक्त दुसऱ्याच्या खिशातून गेली असती. आणि उतार तीव्र असता तर कदाचित खिशातून नाही, अंगावरून गेली असती. गप्प बसून मिळणारे पैसे नफा वाटतात, पण ते दुसऱ्याच्या नावावर काढलेलं कर्ज असतं, त्याला न विचारता.

आपल्या पिढीचं बरंचसं काम बंद पेटीतलं आहे. मी रोज जी बटणं आणि पडदे बनवतो तोही एक रंगच आहे. त्यामागे धुतलेली पेटी आहे की मळी, हे वापरणाऱ्याला दिसत नाही, आणि त्याच्याकडे दोन शनिवारही नसतात. सगळंच परिपूर्ण करणं कुणाला जमत नाही, काही दाते झिजलेलेच राहतात. पण ते कोणते, हे पानावर लिहिता येतं. तुम्ही जुना फोन, जुनी स्कूटर किंवा कुणाचं अर्धवट राहिलेलं काम हातात घ्याल, तेव्हा ‘नव्यासारखं आहे का?’ हे विचारू नका. ‘हे कुणी उघडलं होतं, आणि आत काय दिसलं?’ हे विचारा. आणि तेच तुम्ही दुसऱ्याच्या हातात देताना, त्याने विचारायची वाट बघू नका.