उशिरा उठणे हा शीलभंग आहे काय?



मुलगा रात्री एकपर्यंत जागतो, सकाळी आठ वाजले तरी उठत नाही. आई म्हणते, "आळशी कुठला!" हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण विचार करावा. पिढ्यान्‌पिढ्या हाच शब्द दुसऱ्यांनी आपल्यावर फेकला आहे.

सिगालोवाद सुत्तात सूर्य उगवल्यावरही झोपून राहणे हे ऱ्हासाचे एक कारण सांगितले आहे, हे खरे. पण तो उपदेश प्रमादाविरुद्ध आहे, देहाच्या ठेवणीविरुद्ध नाही. भगवान बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले. जेथे हेतू नाही तेथे दोष कसला?

शरीरात एक घड्याळ असते. ते कसे चालते, या शोधासाठी हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोणाचे घड्याळ पुढे, कोणाचे मागे. काही अंशी ते आनुवंशिक असते आणि तरुण वयात मागे पडते. रात्री जागण्याकडे कल असणाऱ्यांत उदासीनता व चिंता अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ब्रिटनमधील सुमारे ७४ हजार लोकांच्या माहितीवरून २०२४ साली असे आढळले की, असा कल असूनही जे लवकर झोपतात त्यांच्यात मानसिक आजार कमी असतात. मात्र जागरणानेच आजार होतो, असे यावरून सिद्ध होत नाही. मन खचले म्हणूनही झोप उडते.

शिवाय प्रत्येक जागरण आवडीचे नसते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा वसाहतींत पाळीचा कामगार पोटासाठी जागतो. एका खोलीच्या घरात शांतता रात्रीच मिळते, म्हणून मूल रात्री वाचते. बाबासाहेबांचे रात्रीचे वाचन आपण अभिमानाने सांगतो आणि घरातल्या वाचणाऱ्याला मात्र बोल लावतो!

म्हणून दोष देऊ नका. पण दुर्लक्षही करू नका. हाच मध्यम मार्ग. रोज एकाच वेळी उठणे, सकाळी उन्हात थोडे चालणे, रात्री चहा व मोबाईल दूर ठेवणे, झोपण्याची वेळ पाव-पाव तासाने अलीकडे आणणे, एवढे घरी करता येते. पण दोन आठवडे उदासी हटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोला. त्यात लाज कसली? दुःख आहे हे मान्य करून त्याचे कारण शोधणे, हीच धम्माची पहिली शिकवण आहे.

जय भीम.