दाढ उरते तेवढीच कॅप टिकते

जरा स्वस्थ बसा. जिभेचं टोक हळूच खालच्या शेवटच्या दाढेपाशी न्या. आधी माथा चाचपा, मग आतली बाजू. दाढ हिरडीतून सरळ वर येत नाही. ती मध्ये फुगते आणि माथ्याकडे पुन्हा आत वळते. तो फुगवटा तसाच ठेवला तर दाढेवर टोपीसारखी बसवायची कॅप खाली उतरणारच नाही, म्हणून डॉक्टर तो घासतात. घासलेला दात परत वाढत नाही. या गोष्टीपाशी थोडं थांबा.

आता घासून उरलेला खुंट मनात आणा. त्याच्या समोरासमोरच्या भिंती अगदी समांतर असतील तर पकड सर्वांत घट्ट. पण मग जादा सिमेंटला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कॅप तळापर्यंत बसत नाही. म्हणून भिंती किंचित आत झुकवतात. जुनी पुस्तकं दोन्ही भिंतींत मिळून 6 अंशांचा कोन सांगतात. प्रत्यक्षात, जीभ आणि लाळ सांभाळत घासताना, तो 10 ते 20 अंशांपर्यंत सहज जातो. झुकाव वाढला की पकड झपाट्यानं घटते, हे दंतसंशोधक यॉर्गेन्सन यांनी 1955 मध्येच मोजून दाखवलं होतं.

लोणारचं दैत्यसूदन मंदिर पाहिलं असेल तर आठवा. चुन्याच्या भरवशावर न राहता, दगड घडवून एकमेकांवर बसवलेले. कॅपचंही तसंच आहे. झिंक फॉस्फेटचं पारंपरिक सिमेंट दाताला खऱ्या अर्थानं चिकटत नाही; ते फटी भरतं आणि दाब सोसतं. ओढ मात्र त्याला फारशी सोसत नाही. ओढ त्याच्यावर येऊ न देणं हे भिंतींचं काम.

आणि उंचीचं. दाढेच्या खुंटाला निदान 4 मिलिमीटर उंची हवी. वर्षानुवर्षं सुपारी चावून झिजलेली दाढ आधीच बुटकी झालेली असते. ती आणखी घासली की धरायला उरतं काय? घास एका कडेवर दाबला गेला की कॅप त्या बाजूला कलू पाहते. समोरची भिंत उंच असेल तर ती अडवते. बुटकी असेल तर कॅप तिच्यावरून फिरते, सिमेंट तडकतं, आणि संक्रांतीची चिक्की फक्त निमित्त होते. अशा दाढेच्या भिंतींत उभ्या खाचा पाडल्या की कॅपला फिरायला जागा उरत नाही. मला हे छोटंसं काम फार मोलाचं वाटतं.

कॅप निघालीच तर ती डबीत जपून ठेवा. घरातल्या गोंदानं चिकटवू नका. दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जा. नुसतं “पुन्हा चिकटवून द्या” म्हणू नका. खुंटाला उंची किती उरली आहे आणि खाचा पाडता येतील का, हे विचारा.