गोषा कसा गेला?

महाराष्ट्रात बुरखाबंदीची मागणी अधूनमधून डोके वर काढते. २०१९ मध्ये श्रीलंकेत ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, तिथल्या सरकारने चेहरा झाकण्यावर बंदी आणली आणि १ मे रोजी ‘सामना’च्या अग्रलेखाने आपल्याकडेही तशी बंदी मागितली. ही शिवसेनेची अधिकृत भूमिका नाही, असा खुलासा लगोलग आला. जानेवारी २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांत बुरखा नको, अशी मागणी केली. प्रत्येक वेळी चार दिवस वाहिन्यांवर कल्लोळ होतो. बंदी आल्यावर त्या बाईचा दुसरा दिवस कसा उजाडेल, ती घराबाहेर पडेल की घरातच राहील, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझी बाजू आधीच सांगते. बाईने चेहरा झाकून जगात वावरावे, हे मला मान्य नाही. ‘तिची निवड’ म्हणून तो विषय मिटवणेही मला पटत नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर घरचे कापड बांधतात तेव्हा निवड तिने केलेली नसते. आणि तरीही सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर कायद्याने बंदी घालू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे मला माझ्याच मुलखात सापडतात.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. इथल्या सरदार-जहागीरदारांच्या, देशमुख-इनामदारांच्या वाड्यांत गोषा होता, आणि ती काही शिवकालातली गोष्ट नव्हे. घरंदाज बाई चौकाबाहेर पडायची ती पडदा सोडलेल्या मेण्यातून किंवा गाडीतून. परपुरुषासमोर यायची नाही. देवदर्शनाला निघाली तरी आधी वाट मोकळी केली जायची. भांगलणीला जाणाऱ्या, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या कुळवाडी बाईला गोषा परवडणारा नव्हता. पण हाती चार पैसे आले की त्याही घरात बायकोचे रानात जाणे पहिले बंद व्हायचे. बाई दिसली नाही म्हणजे घराची पत वाढली, असा तो हिशोब होता.

हा गोषा कुठल्या कायद्याने बंद केला? कुठल्याच नाही. उलट कायद्याने त्याला सांभाळून घेतले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३२ आजही सांगते की, रिवाजाप्रमाणे लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रीला कोर्टात जातीने हजर राहण्यातून सूट आहे. मग तो गेला कसा? बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी पडदा सोडला, आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. वरच्या घरांना असा दाखला मिळाला. खालचे काम १९१९ साली कराडजवळच्या काल्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या ‘रयत’सारख्या संस्थांनी केले, जिल्हा परिषदेच्या शाळांत रुजू झालेल्या मास्तरणींनी केले, नर्सबाईंनी केले, आणि १९९३ नंतर राखीव जागांवर निवडून येऊन ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसलेल्या बायकांनी केले. सुनेचा पगार घरात येऊ लागला आणि सासऱ्यासमोर पदर किती ओढायचा, याची चर्चाच थांबली. पोलिसाला कुणाचा पदर मागे सारावा लागला नाही.

आता सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला या. सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळेला हायवेच्या कडेला उभे राहिले की एमआयडीसीकडे निघालेल्या स्कूटी दिसतात. मुलींनी ओढणी तिरकी दुमडून नाकावरून घेतलेली असते, कानांवरून मागे नेऊन पक्की गाठ मारलेली असते, वर गॉगल. ऊन, धूळ आणि ट्रकचा धूर ही सांगायची कारणे. न सांगितलेले कारण असे की कुणी निरखून बघू नये, कुणी ओळखू नये, घरी चुगली जाऊ नये. तिथेच एखादी नकाब घातलेली मुलगी कंपनीच्या बसची वाट बघत असते. दोघींचे दिसतात ते डोळेच. कायदा या दोघींत फरक कशावरून करणार? ‘चेहरा झाकणे गुन्हा’ म्हटले तर जिल्ह्यातल्या निम्म्या स्कूटी अडवाव्या लागतील. ‘मुसलमान बाईने झाकणे गुन्हा’ म्हटले तर राज्यघटनेच्या कलम १४ आणि १५ पुढे तो कायदा उभा राहणार नाही. कुणी म्हणेल, स्कार्फ कंपनीच्या फाटकात सुटतो, नकाब सुटत नाही. हा फरक खरा आहे. पण तो घरातल्या आणि जमातीतल्या दाबाचा फरक आहे, आणि रस्त्यावर दंडाची पावती फाडून तो दाब हटत नाही.

याच शिरवळपासून काही किलोमीटरवर नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई तिथे जन्मल्या. आजारपणात माहेरी आल्या असताना त्यांनी ऑक्टोबर १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात शाळेचे काम अंगावर पडलेल्या सहकारी फातिमाची काळजी आहे. एक माळ्याची लेक, एक मुसलमानाची; दोघींना घरात बसवायला निघालेल्यांच्या तोंडी धर्म आणि अब्रू हेच दोन शब्द होते. म्हणून या मुलखात कुठलाही नियम तपासायचा तर एकच गोष्ट पाहावी: त्याने मुलगी वर्गात येते की घरी परत जाते. नकाब फर्ज आहे असे बजावणारा मौलाना या परीक्षेत नापास होतो. फाटकावर तिला अडवणारा प्राचार्यही नापास होतो.

आमच्याकडच्या जुन्या मुस्लिम घरांत नकाब नव्हता, हेही नोंदवायला हवे. आठवडी बाजारात भाजीच्या ढिगामागे बसलेली बागवानाची बाई, बांगड्या भरायला दारोदार फिरणारी मणेराची बाई, रानात राबणारी मुलाण्याची बाई, सगळ्यांच्या अंगावर लुगडे किंवा गोल साडी आणि डोक्यावर पदर. शेजारणीपेक्षा वेगळे दिसायचे ते कुंकू नसलेले कपाळ. काळा बुरखा गावोगाव पसरला तो गेल्या तीस-चाळीस वर्षांत. आखातातल्या नोकऱ्या आणि जमातीचे प्रचारक यांचा त्यात वाटा आहे. पण भीतीचा वाटा कमी नाही. समाज बिथरला की पहिले दार बायकांवर लावतो. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जमावाने मशिदीवर हल्ला केला, एक तरुण मारला गेला. अशा रात्रीनंतर तिथल्या बापाला ‘पोरीचा नकाब काढा’ म्हणून सांगायला कोण जाणार, आणि कोणत्या तोंडाने?

मग सुधारणा कायद्याने करूच नयेत का? जरूर कराव्यात. १८ एप्रिल १९६६ रोजी मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. पुढे २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. नाव घेतले ते जोतीरावांच्या समाजाचे. सातजणींच्या त्या मागणीला सर्वोच्च न्यायालयाचा होकार मिळायला २०१७ साल उजाडले, तब्बल ५१ वर्षे. पण त्या सुधारणेत कायद्याने हात धरला तो नवऱ्याचा. सतीबंदीने चिता रचणाऱ्यांना धरले, बालविवाहाच्या कायद्याने लग्न लावणाऱ्यांना धरले. बुरखाबंदी मात्र जिच्यावर जुलूम होतो असे आपण म्हणतो तिलाच दंड करते. ज्याच्या हाती सत्ता त्याला कायदा लागला पाहिजे. इथे तो तिच्यावरच उलटतो, म्हणून माझा विरोध.

जगात हे करून पाहिलेले आहे. इराणात रझाशहाने १९३६ मध्ये चेहऱ्यावरचेच काय, डोक्यावरचेही वस्त्र बेकायदा ठरवले. पोलीस भर रस्त्यात चादोर ओढू लागले, तेव्हा कितीतरी बायका घराबाहेर पडेनाशा झाल्या, बापांनी मुलींना शाळेतून काढले. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथेच हिजाब सक्तीचा झाला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी केस नीट झाकले नाहीत म्हणून पकडली गेली आणि कोठडीत असताना मरण पावली. कापड ओढून काढणारे आणि ते लादणारे सरकार, दोघांचेही शिपाई बाईच्याच मागे लागले. फ्रान्समध्ये एप्रिल २०११ पासून बंदी आहे, दंड १५० युरोपर्यंत. कायदा झाला तेव्हा साडेसहा कोटींच्या त्या देशात नकाब वापरणाऱ्या बायकांचा सरकारी अंदाज दोन हजारांच्या आत होता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१४ मध्ये ही बंदी उचलून धरली. चारच वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने तिला हक्कांचा भंग ठरवले. स्वित्झर्लंडने २०२१ च्या सार्वमतात ५१ टक्क्यांनी बंदी मंजूर केली, १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली.

सुरक्षेचा मुद्दा मी झटकत नाही. जिथे ओळख पटवायची तिथे चेहरा दाखवलाच पाहिजे. मतदार यादीत फोटो नको, ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली, ते योग्यच झाले. बँकेत, परवाना काढताना, मतदान केंद्रावर हाच न्याय. परीक्षा केंद्रावर एक बाई पर्यवेक्षक मुलीला बाजूच्या खोलीत नेते, नकाब वर करायला सांगते, हॉल तिकिटावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून पाहते. मिनिटभराचे काम. त्यासाठी राज्यभर बंदी कशाला?

वर्गात शिकवणाऱ्याला चेहरा दिसला पाहिजे, हेही मला मान्य आहे. चेंबूरच्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज अशी सरसकट बंदी घातली. विद्यार्थिनी उच्च न्यायालयात हरल्या. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला स्थगिती दिली आणि वर्गात बुरखा घालून बसता येणार नाही, हेही सांगितले. ही रेषा मला व्यवहार्य वाटते. डोक्याचा रुमाल आणि तोंडावरचे कापड या दोन गोष्टी आहेत. उडुपीत २०२२ मध्ये हा विवेक सुटला. तिथल्या मुलींचे चेहरे वर्गात उघडेच होते, वाद डोक्यावरच्या रुमालाचा होता, आणि त्यापायी कर्नाटकात कित्येक मुलींच्या परीक्षा बुडाल्या, काहींनी कॉलेज सोडले.

आपल्या राज्यात ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धे तिकीट आहे. कंडक्टर पास बघतो, अंगावरचे कापड बघत नाही. सातारा-सांगलीतल्या शाळा-कॉलेजांच्या विश्वस्तांना माझे हात जोडून सांगणे आहे: फाटकावर मुली अडवू नका. आत बाई शिक्षिकेच्या हवाली एक खोली करा, तिथे नकाब काढून ठेवता येईल. वर्गात चेहरा उघडा असावा, हे प्रवेशाच्या दिवशीच आईबापांना समोर बसवून सांगा, आणि एखादी मुलगी आठ दिवस आली नाही तर तिच्या घरी बाई शिक्षिकेला पाठवा.